चुका

हेमलता मिरजेला गेली, बहिणीच्या गुडघ्यासाठी,
सहा आठवडे.
फ्रीझरमध्ये बेचाळीस डबे,
प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्या ठसठशीत अक्षरात:
मसूर, सोमवार. भेंडी, हलवू नका.
दारात म्हणाली,
वितळवायचं, मग गरम करायचं. दोन्ही जमेल तुम्हाला.

जमलं असतं.
पण हॅलिफॅक्सला जूनमध्ये दहापर्यंत उजेड,
आणि मागच्या अंगणातून आत यायला काही कारणच सापडेना.
पाणी घालता घालता
वाटाण्याची एक शेंग नखानं उकलली.
सात दाणे. आठवा
भरायचा राहून गेलेला, टाचणीच्या डोक्याएवढा.
तोही खाल्ला.
मग दुसरी शेंग. मग, खरं सांगतो, ओळच.
सालपटं खिशात भरत गेलो
आणि कळलं, जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी मुळा.
उपटला, पँटला पुसला, मोडला;
झणका थेट नाकात.
दाढेखाली मातीचा कण करकरला.
एकतीस वर्षं इथलं पाणी पितोय,
माती पहिल्यांदा खाल्ली.

मग सवयच लागली.
कोवळा कोबी पान पान सोलून,
गाजरं करंगळीएवढी, शेंड्याला अजून धीर न आलेली,
लेट्यूस उभ्या उभ्या.
पलीकडून क्लिफर्ड ऑग्डन बघायचा.
तो बशीत बिअर ओतून जमिनीत पुरतो
गोगलगायींसाठी. इथल्या गोगलगायींना शंख नसतो,
पोटात पाय मात्र तेच.
ससा झालास की, म्हणाला,
आणि भिंतीवरून मिठाची पुडी दिली,
पेपरच्या शब्दकोड्यात बांधलेली.

भिंतीच्या कडेला एक आंबट पाला आपोआप येतो.
क्लिफर्ड लहानपणी शाळेत जाताना चघळायचा.
म्हटलं, आमच्याकडे याचा चुलतभाऊ असतो,
त्याला चुका म्हणतात.
म्हणजे काय?
म्हणजे हीच भाजी. आणि म्हणजे, माणसाकडून होतात त्या.
तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला.
माझ्याकडे दोन एकर निघतील, म्हणाला.
मी माझं क्षेत्रफळ सांगितलं नाही.

रात्री फोन.
जेवलात?
हो.
काय?
मी फ्रीझरचं दार उघडून उभा,
गुडघ्यांवर गार वाफ,
चिकटपट्टीवरचं वाचून दाखवतो:
मसूर.
तिखट झाली होती का?
नाही, बेताची होती.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात नर्स म्हणाली,
साखर उतरलीय तुमची, काय केलंत?
म्हटलं, काही नाही.
आणि खरंच, काही म्हणजे काहीच केलं नव्हतं.
गॅससुद्धा.

ती आली. कोट न काढताच फ्रीझर उघडला.
बोटानं मोजत गेली, वरून खाली,
मग पुन्हा खालून वर.
बेचाळीस.
मी बोलणी खायच्या तयारीत,
तीही आता कच्चीच खाणार होतो.

पण ती मागचं दार उघडून बाहेर गेली.
प्रवासाच्या बुटांनी वाफ्यात उतरली,
माझ्या पावलांनी पडलेली वाट बघितली
वाटाण्याकडून भिंतीकडे, भिंतीकडून मुळ्याकडे,
वेलांवर राहिलेली रिकामी देठं.
वाकून चुक्याचं एक पान खुडलं.
पुसलं नाही.
आंबटानं तिचा डावा डोळा मिटला, तिचा नेहमी डावाच मिटतो.
हे मी सहा आठवड्यांत विसरलो होतो.

मीठ आणा, म्हणाली.

पुडी घेऊन आलो तर दुसरं पान तोंडात होतं,
तिसरं हातात,
आणि माझ्याकडे न बघता,
क्लिफर्डच्या बशांकडे बघत म्हणाली,
एक मसूर बाहेर काढून ठेवा.
आज सोमवार आहे.